लांब पल्ल्याच्या राइडला घोड्याला काय, कधी आणि किती खाऊ घालायचं

एन्ड्युरन्सची, म्हणजे घोड्यावरून लांब पल्ल्याच्या शर्यतीची, तयारी करणारी मंडळी नालांवर, खोगिराच्या फिटिंगवर, दुडकीच्या स्पीडवर महिनोन्महिने डोकं घालतात आणि खाण्याचा विषय मात्र शेवटच्या आठवड्यात निघतो, तोही असा की काय दिलं म्हणजे घोड्याला जास्त ताकद येईल. माझं म्हणणं असं की ताकदीचा विचार जरा बाजूला ठेवा आणि आधी आतड्याचा विचार करा. ८० किमी असो की १६०, घोडा मेटाबॉलिक कारणाने (लंगडण्यामुळे नाही, तर शरीरातलं पाणी, क्षार, ऊर्जा यांचा तोल गेल्याने) बाद होतो तेव्हा बहुतेक वेळा त्याचं पोट मंदावलेलं असतं, पाणी आणि मीठ संपत आलेलं असतं, आणि खाण्यावरचं मन उडालेलं असतं. म्हणून खाली जे काही सांगतोय ते सगळं एकाच गोष्टीसाठी आहे, पोट भरलेलं आणि चालतं ठेवणं.

आधी घोड्याच्या पोटाचं गणित समजून घ्या, मग बाकीचं आपोआप कळतं. जठर अगदी लहान, साधारण ८ ते १५ लिटरचं, आणि त्यात आम्ल चोवीस तास सुटत असतं, घोडा खात असो वा नसो. लाळ मात्र फक्त चावताना सुटते आणि आम्लाला उतारा म्हणजे ती लाळच. त्यामुळे तासन्‌तास उपाशी ठेवलेल्या घोड्याला अल्सर होतात, एन्ड्युरन्सच्या घोड्यांमध्ये तर हे फार कॉमन आहे. जठराच्या पुढे लहान आतडं, तिथे दाण्यातला स्टार्च पचतो. आणि त्याच्या पुढे सीकम (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी) आणि मोठं आतडं, जिथे शंभर लिटरच्या आसपास माल मावतो, जंतू तिथे वैरणीतला फायबर आंबवून त्यातून फॅटी अ‍ॅसिड्स बनवतात आणि घोडा त्यावर तासन्‌तास एकसारखा चालतो. शिवाय हा आंबलेला चारा पाणी आणि क्षार धरून ठेवतो, म्हणजे राइडमध्ये घाम जायला लागला की शरीर आधी या टाकीतून पाणी उचलतं. टाकी अर्धी भरून निघालात तर ६० किमीनंतर तुमच्याकडे उचलायला काही उरत नाही.

आता यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे वैरण तोंडातून शेपटीपर्यंत जायला साधारण दीड ते तीन दिवस लागतात. म्हणजे शनिवारी घोडा पळतो तो गुरुवारच्या आणि शुक्रवारच्या गवतावर. राइडच्या सकाळी तुम्ही काय घातलं याला लोक फार महत्त्व देतात, खरं काम आधीच्या दोन दिवसांत झालेलं असतं किंवा हुकलेलं असतं.

रोजचं खाणं

रोजच्या खाण्यात वैरण हाच पाया. घोड्याच्या वजनाच्या निदान दीड टक्का सुका चारा रोज पोटात गेलाच पाहिजे, आणि ट्रेनिंगमधल्या घोड्याला मी तर २ टक्क्यांच्या पुढेच ठेवतो, म्हणजे ४५० किलोच्या घोड्याला ९ किलो आणि वर. चांगलं स्वच्छ, धूळ नसलेलं, बुरशी नसलेलं गवत. एवढं नीट असेल तर बऱ्याच अरबी आणि अरबी-क्रॉस घोड्यांना चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, फार लागतच नाही.

चंदी द्यायचीच तर स्टार्चचा हिशोब ठेवा. एका वेळेला वजनाच्या दर किलोमागे १ ग्रॅम स्टार्च, याच्या आत राहिलं की पोट सुरक्षित. ४५० किलोच्या घोड्याला ते ४५० ग्रॅम स्टार्च झालं, आणि ओट्समध्ये साधारण ४० ते ४५ टक्के स्टार्च धरला तर एका वेळी किलोभर ओट्स. मका दिला तर त्याच्यात स्टार्च ७० टक्क्यांच्या घरात, म्हणजे मापटं तेच ठेवलं आणि दाणा बदलला तर तुम्ही नकळत दीडपटीहून जास्त स्टार्च घातलात. त्यात कच्च्या मक्याचा आणि कच्च्या बार्लीचा स्टार्च लहान आतड्यात ओट्सइतका पचत नाही, न पचलेला पुढे मोठ्या आतड्यात जातो, तिथे आम्ल वाढतं, चांगले जंतू मरतात आणि मग पोटशूळ किंवा लॅमिनायटिसची (खुराच्या आतल्या सुजेची) भीती. म्हणून चंदी मापट्याने न मोजता काट्यावर तोलून द्या, आणि दिवसातून दोनदा भरपूर देण्यापेक्षा तीन-चारदा थोडी थोडी द्या.

तेल हा एन्ड्युरन्ससाठी फार चांगला पर्याय आहे, कारण त्याच वजनाच्या स्टार्चच्या सव्वादोन पट ऊर्जा मिळते आणि पोटात आंबत नाही, पचताना उष्णताही कमी निर्माण होते. पण शरीराला चरबी जाळायची सवय लागायला आठवडे जातात, तेव्हा ३०-५० मिलीपासून सुरू करून तीन-चार आठवड्यांत २५०-३०० मिलीपर्यंत न्या, आणि तेल वाढवलं की व्हिटॅमिन ई पण वाढवा. लीद सैल आणि तेलकट दिसायला लागली तर एक पाऊल मागे या. राइडच्या आदल्या दिवशी पहिल्यांदा तेल घालण्यात काही अर्थ नाही.

लसूणघासाबद्दल दोन टोकाची मतं ऐकायला मिळतात. माझं मत असं की थोडा चांगला, जास्त नको. त्यातलं कॅल्शियम जठरातलं आम्ल शमवतं, घोड्यांना चवही आवडते, पण रोजचा मुख्य चारा म्हणून तोच दिला तर एक तर प्रोटीन जास्त होतं, ते बाहेर टाकायला लघवी वाढते आणि पाणी जातं, आणि दुसरं म्हणजे रोज कॅल्शियम आयतं मिळत राहिलं की शरीर हाडातून कॅल्शियम काढायची यंत्रणा मंद ठेवतं आणि राइडमध्ये अचानक गरज पडली की ती वेळेवर जागी होत नाही. घरी एकूण चाऱ्याच्या पाव हिश्श्याच्या आत ठेवा आणि राइडच्या दिवशी थांब्यावर मूठ-मूठ द्यायला जपून ठेवा.

अंगावर मांस किती असावं, तर १ (अगदी हडकुळा) ते ९ (लठ्ठ) अशा स्केलवर साडेचार ते साडेपाच. फासळ्या हाताला सहज लागाव्यात पण लांबून मोजता येऊ नयेत. काही जणांना वाटतं हडकुळा घोडा हलका म्हणून बरा, पण कॅलिफोर्नियात १९५५ पासून चालणाऱ्या टेव्हिस कपच्या १६० किमीच्या राइडवरच्या घोड्यांचा अभ्यास झाला तेव्हा फार हडकुळे घोडेच मेटाबॉलिक कारणांनी जास्त बाद झालेले दिसले. वजन वाढवायचं असेल तर ते दोन-तीन महिने आधी सुरू करायचं काम आहे.

शेवटचे तीन दिवस

नवीन काही नाही. नवीन फीड नाही, नवीन सप्लिमेंट नाही, दुसऱ्याकडचं गवतही नाही. दाणा बदलताना लोक काळजी घेतात पण गवत बदलतानाही तितकीच लागते, जंतूंना नव्या चाऱ्याची सवय व्हायला दहा-पंधरा दिवस जातात. म्हणून घरचं गवत बरोबर न्या, जितकं लागेल असं वाटतं त्याच्या दीडपट न्या.

या दिवसांत काम हलकं असतं तेव्हा चंदी पण कमी करा, निम्म्यावर आणली तरी चालेल, विशेषतः ज्या घोड्याचे स्नायू आखडतात त्याच्या बाबतीत हे अजिबात विसरू नका. गवत मात्र मोकळं ठेवा, जाळीत कायम असू द्या. प्रवासात घोडे कमी खातात आणि पाणी तर फारच कमी पितात, म्हणून गाडीत गवत भिजवून टांगा, दर तीन-चार तासांनी थांबून पाणी दाखवा, आणि शक्य असेल तर एक पूर्ण दिवस आधी पोचा. काही घोडे परक्या पाण्याला तोंडच लावत नाहीत, अशांना घरी असतानाच पाण्यात थोडा सफरचंदाचा रस घालून पाजायची सवय लावली की पुढे कुठलंही पाणी त्याच चवीचं करता येतं.

बीट पल्प (साखर काढून उरलेला बीटचा सुका चोथा) भिजवून द्यायची सवय पण महिनाभर आधीच लावा. हा प्रकार मला फार आवडतो. सुकं असताना कडक, भिजलं की आपल्या वजनाच्या तीन-चार पट पाणी पिऊन फुगतं, मुठीत दाबलं तर बोटांमधून पाणी निथळलं पाहिजे इतकं ओलं ठेवा. त्यात स्टार्च जवळजवळ नाही, फायबर पटकन आंबणारा, आणि जो घोडा बादलीला तोंड लावत नाही तो यातून दोन-तीन लिटर पाणी नकळत पोटात घेतो. गरम हवेत ते काही तासांत आंबट वास मारायला लागतं, तेव्हा थोडं थोडं भिजवा आणि वास घेऊनच पुढे ठेवा.

सकाळ

पहाटे ५ ला सुटायचं असेल तर रात्री १ ला उठून चंदी घालायची गरज नाही, झोपा. सुटायच्या आधीच्या तीन-चार तासांत दाणा द्यायचा नाही, कारण इन्सुलिन वर जातं आणि घोडा चरबी जाळायची सोडून साखर जाळत निघतो, जी पुढे त्याला पुरत नाही. रात्रभर गवत समोर असू द्या, आणि खोगीर चढवायच्या आधी अर्धा तास किलोभर गवत किंवा दोन मुठी लसूणघास खाऊ द्या. रिकाम्या पोटी दुडकी सुरू केली की आम्ल उसळून जठराच्या वरच्या नाजूक भागाला लागतं, खाली चाऱ्याचा थर असला की ते थांबतं.

वाटेत

पहिल्या टप्प्यात घोडा बहुतेक वेळा पीतच नाही, खूप घोडे ३०-४० किमी झाल्यावरच नीट पाणी प्यायला लागतात. याचं कारण माहीत असलेलं बरं. माणसाच्या घामात मीठ रक्तापेक्षा कमी असतं, त्यामुळे घाम गेला की रक्त खारट होतं आणि तहान लागते. घोड्याच्या घामात मीठ रक्ताइतकं किंवा त्याहून जास्त, पाणी आणि मीठ बरोबरच जातं, रक्ताचा खारेपणा फारसा वाढत नाही आणि मेंदूला कळतच नाही की पाणी कमी पडलंय. तासाला ५ ते १० लिटर घाम जातो, उकाड्यात जोरात पळवलं तर त्याहून जास्त, आणि तरी घोडा बादलीकडे बघत नाही. म्हणून पाणी दिसलं की प्रत्येक वेळी थांबायचं, लगाम सैल सोडायचा, एक-दोन मिनिटं शांत उभं राहायचं, त्याने नुसतं तोंड बुचकळलं तरी चालेल. तापलेल्या घोड्याला पाणी पाजलं तर पोटात दुखतं ही समजूत सोडून द्या, चालत्या राइडमध्ये पाणी अडवण्याने जास्त नुकसान होतं. पाणी बर्फगार नको आणि उन्हात तापलेलं पण नको, साधं २० अंशांच्या आसपासचं घोडे जास्त पितात.

वाटेत हिरवं गवत दिसलं तर दोन-तीन मिनिटं चरू द्या. ताज्या गवतात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं. या दोन मिनिटांनी वेळ वाया जातो असं ज्यांना वाटतं त्यांनी शेवटच्या टप्प्यात स्वतःचा आणि अशा चरत आलेल्या घोड्याचा वेग ताडून बघावा. फक्त चरताना लगाम सैल ठेवा आणि रस्त्याकडेच्या फवारणी केलेल्या गवतापासून लांब राहा.

थांब्यावर

थांबा म्हणजे दोन टप्प्यांमधली सक्तीची विश्रांती, जिथे व्हेट (जनावरांचा डॉक्टर) घोडा तपासतो. तो साधारण ४० मिनिटांचा असतो, टेव्हिससारख्या राइडला दोन मोठे थांबे तासाचे आहेत. येताक्षणी पाणी दाखवा, खोगीर उतरवा, अंगावर पाणी घाला, ठोके बघा. बहुतेक राइडना मिनिटाला ६४ च्या खाली आल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ठोके उतरेपर्यंत खाणं पुढे करू नका, कारण खाण्याच्या उत्साहाने ठोके चार-पाच वर चढतात, काही घोड्यांचे तर जास्तच. ठोके उतरले की लगेच खाणं, व्हेटच्या रांगेत उभं असताना सुद्धा हातात गवताची पेंडी असू द्या.

पुढे काय ठेवायचं, तर सगळं थोडं थोडं. ओलं गवत, सुकं गवत, मूठभर लसूणघास, ओलं बीट पल्प, गाजर, कलिंगडाच्या साली, आणि एका बाजूला ३००-५०० ग्रॅम चंदी मॅशमध्ये (भिजवलेल्या ओल्या खाण्यात) कालवून. राइड चालू असताना अ‍ॅड्रिनलिनमुळे इन्सुलिन दबलेलं असतं म्हणून सकाळी नको म्हटलेली चंदी इथे चालते, पण आधी वैरणीचे घास जाऊ द्या आणि मग चंदी. सुकी गोळी-पेंड तर अजिबात नको, पाणी कमी झालेल्या घोड्याची लाळ कमी असते आणि तो हावरटासारखा ओढतो, घास नरड्यात अडकतो, आणि घोड्याला उलटी करता येत नाही. तोबरा बांधणार असाल तर त्यात पण ओलंच घाला, आणि खाऊन झालं की लगेच काढा म्हणजे पाणी प्यायला तोंड मोकळं राहील.

मग त्याच्याजवळ उभे राहा आणि नुसतं बघा. चांगला चाललेला घोडा गवतात तोंड खुपसतो, पूर्ण घास घेतो, जबडा एका लयीत चालतो, कान इकडेतिकडे फिरत असतात. बिघडायला लागलेला घोडा गवताच्या दोन काड्या ओठात धरतो, चावायचं विसरतो, काड्या तशाच तोंडाबाहेर लोंबत राहतात. हे व्हेटच्या स्टेथोस्कोपला कळायच्या आधी तुम्हाला कळतं. मग फासळ्यांच्या मागे, खुब्याच्या पुढे जो खळगा असतो तिथे कान लावा, वर आणि खाली, डावी-उजवी दोन्ही बाजू, प्रत्येक जागी मिनिटभर. लांबून पाणी वाहिल्यासारखी गुडगुड आली पाहिजे. पळून आल्यावर आवाज थोडा कमी असणं नॉर्मल आहे, वीस मिनिटं खाल्ल्यावर तो वाढला पाहिजे. चारही जागी शांतता असेल आणि घोडा खात नसेल, हिरड्या कोरड्या असतील, तर व्हेट विचारेल त्याची वाट बघू नका, स्वतः जाऊन सांगा आणि राइड सोडा. व्हेटने पास केलं म्हणून पुढे जाणं आणि घोडा ठीक आहे म्हणून पुढे जाणं यात फरक आहे.

नुसता चोखंदळपणा असेल तर मात्र घाबरू नका. एकच गोष्ट पुढे रेटत बसण्यापेक्षा दोऱ्याने धरून हिरव्या गवताच्या तुकड्यावर न्या, सोबत्याच्या शेजारी उभं करा, हाताने एक-एक घास भरवा. तोंड एकदा चालू झालं की पुढचं तोच बघतो.

मीठ आणि इलेक्ट्रोलाइट

घरी रोज साधारण दीड मोठा चमचा साधं मीठ, म्हणजे २५-३० ग्रॅम, खाण्यात घाला, घाम गाळायच्या दिवशी त्याच्या दुप्पट-तिप्पट. चाटायच्या विटेवर भरवसा ठेवू नका, घोडे त्यातून पुरेसं घेतातच असं नाही. पोटॅशियम गवतातून भरपूर मिळतं, पण राइडमध्ये खाणं कमी होतं म्हणून इलेक्ट्रोलाइटमध्ये सोडियम, क्लोराइड आणि पोटॅशियम तिन्ही हवेत, जोडीला थोडं कॅल्शियम-मॅग्नेशियम. बायकार्बोनेट असलेलं मिश्रण घेऊ नका, लांब राइडमध्ये घामातून क्लोराइड जाऊन घोड्याचं रक्त आधीच अल्कलीकडे झुकलेलं असतं, त्यात आणखी भर नको. अशा वेळी कॅल्शियम पण खाली गेलं तर बरगडीमागचा भाग हृदयाच्या ठोक्याबरोबर उडायला लागतो, हात ठेवला तर टक-टक हाताला लागतं, ते दिसलं की राइड तिथेच संपली आणि व्हेटला गाठायचं.

डोस लहान आणि वारंवार. आदल्या दिवशी ढीगभर देऊन साठा होत नाही, जास्तीचं लघवीतून निघून जातं. सिरिंजने देणार असाल तर सफरचंदाच्या गरात कालवा, आणि घोडा पाणी प्यायला, पोटभर खाल्लं, आता निघायची वेळ झाली तेव्हा द्या. आल्याआल्या दिलं तर तोंड खारट होऊन पुढचं खाणं बंद होतं, रिकाम्या जठराला झोंबतं ते वेगळं. दिल्यावर साध्या पाण्याने तोंड धुवा. आणि जो घोडा पाणी पीतच नाही त्याला दाट इलेक्ट्रोलाइट देऊ नका, ते शरीरातलंच पाणी ओढून आतड्यात आणतं.

पाण्यातूनच मीठ द्यायची एक पद्धत चांगली आहे, १० लिटर पाण्यात ९० ग्रॅम मीठ, म्हणजे साधारण रक्ताइतकं खारट. घाम गाळून आल्यावर पहिली बादली ही आणि मग साधं पाणी, याने तहान टिकून राहते आणि घोडा एकूण जास्त पितो. पण हे पाणी घरी शिकवावं लागतं, आणि शेजारी साध्या पाण्याची बादली कायम हवीच.

ज्यांना एफईआयच्या (आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या) राइडला जायचंय त्यांनी प्रत्येक पुड्याचं लेबल वाचा. कॅफीन, थिओब्रोमीन असले बंदी असलेले पदार्थ फीडमधून येऊ शकतात, म्हणून कोको, चॉकलेट, कॉफी घोड्याच्या बादल्यांजवळ फिरकू देऊ नका.

संपल्यावर

संपल्यावर बक्षीस म्हणून भरलेली चंदीची पाटी पुढे ठेवायचा मोह होतो, तो आवरा. आतड्याचा रक्तपुरवठा अजून पूर्ववत झालेला नसतो आणि तेव्हाच एकदम स्टार्च पडला की पोटशूळ ठेवलेलाच. पहिले दोन-तीन तास पाणी, गवत, ओलं बीट पल्प. त्यानंतर चंदी दिलीच तर अर्धा किलोच्या आत. कोंड्याचं मॅश घोड्याला रोज मिळत नसेल तर आजही देऊ नका, एक तर तो बदलच झाला आणि त्यात फॉस्फरस जास्त. घोड्याच्या स्नायूंतलं ग्लायकोजेन (साठवलेली साखर) भरायला दोन-तीन दिवस लागतात, जास्त दाणा घातल्याने ते फारसं लवकर होत नाही, तेव्हा रात्रभर मोकळं गवत आणि तीन दिवसांत चंदी हळूहळू मूळ मापावर, तेही काम सुरू होणार असेल तरच.

त्याच रात्री गाडीत घालून घरी निघू नका. दर दोन-तीन तासांनी एकदा बघून या, गवत किती संपलं, लीद पडली का आणि फोडून बघितली तर आतून ओलसर आहे का, पाणी किती उतरलं, खूर गरम तर नाहीत ना. पहिली लघवी स्वतः बघा. ती थोडी गडद पिवळी असली तर पाणी पाजत राहा, पण कॉफीसारखी तपकिरी दिसली तर स्नायू मोडून रंग लघवीत उतरलेला असतो, मग घोड्याला पाऊलभरही चालवू नका आणि व्हेटला तिथेच बोलवा.